गंजाचं पांघरूण

फार जुनी गोष्ट, स्कूटर किक मारून सुरू व्हायची त्या काळातली. खैरनार मास्तरांनी आपली गंजलेली स्कूटर खंडेनवमीच्या पूजेआधी अंगणातच रंगवायला काढली. गेट रंगवून उरलेला निळा रंग घरात होताच. ब्रश आणि पॉलिश पेपर तेवढे त्यांनी विकत आणले.

खरखरीत पेपर अंगावरून फिरू लागला तशी स्कूटर कळवळली. "तो ब्रश बघ किती मऊ आहे! तू नुसता ओरबाडतोस."

"आधी गंज निघू दे, बाई," पेपर म्हणाला.

डाव्या बाजूच्या पत्र्याची पाळी आली तेव्हा स्कूटरने अंगच टाकलं आणि ती स्टँडवरून कलंडली. तिला सावरता सावरता मास्तर घामाघूम झाले. "राहू दे तेवढं," ते बायकोला म्हणाले, "रंगाखाली कोणाला दिसतंय!"

पूजेच्या दिवशी झेंडूचा हार घालून स्कूटर ऐटीत उभी राहिली. डावा पत्राही उजव्याइतकाच चकाकत होता.

संक्रांतीपर्यंत मात्र त्या डाव्या पत्र्यावर फोड आले. एक फोड फुटला आणि आतून गंज डोकावला.

"तू परत आलास?" स्कूटर दचकली.

"गेलो होतो कुठे? तुम्हीच तर मला पांघरूण घातलंत. झोप छान झाली. आता भूक लागलीय."

स्कूटरने कोनाड्यात पडलेल्या पेपराच्या तुकड्याला हाक मारली. "पेपरदादा, येतोस का रे?"

"येतो की," पेपर म्हणाला. "पण आता जास्त दुखेल."