दारात उभे ठेवलेले जावई

नदीकाठच्या एका नगरात एक वृद्ध अध्यापक राहत होते. पत्नी निवर्तल्यापासून त्यांच्या घरी ग्रंथांखेरीज कोणी नव्हते. दूरच्या गावाहून आलेला श्रीकर नावाचा शिष्य त्यांच्यापाशी जुन्या वाङ्मयाचा अभ्यास करी आणि उरलेला वेळ भाड्याच्या खोलीत दार लोटून बसे. नगरात त्याची कोणाशी ओळख अशी नव्हतीच.

एकदा गुरुजींनी त्याला परीक्षणासाठी एक विस्मृतीत गेलेली विनोदी कादंबरी दिली. आपल्या भाषेत कादंबरी नुकती कुठे रांगू लागली होती, त्या काळातली. तिची कित्येक पाने कडेला जोडलेलीच होती. म्हणजे छापल्यापासून ती कोणी वाचलीच नव्हती. श्रीकरने ती सुरीने सोडवली. आत भलतेच प्रकार निघाले. लेखक मध्येच सांगत होता की आपल्याला भूक लागली आहे, सबब नायकाने थोडा वेळ सासऱ्यांच्या दारात उभे राहावे. पुढची तीन प्रकरणे नायक दारातच. आरंभी देवाज्ञा झालेले नायकाचे मामा पुढे पंगतीत बसून वरण मागत होते, आणि खाली टीप होती : ‘मामांना मी मारले, हे मला ठाऊक आहे. परंतु पंगतीला माणूस कमी पडत होते.’

श्रीकरला हसू आले. सांगावे म्हणून त्याने मान वर केली, तर समोर भिंत. त्याने कागदावर ‘रचनादोष’ एवढेच टिपले.

त्याने लिहिलेले परीक्षण वाचून गुरुजींनी विचारले, हसू कुठे आले? अभ्यासकाने हसायचे नसते, असे उत्तर त्याने दिले. त्यावर गुरुजींनी चपला घातल्या आणि पुस्तकासह त्याला पलीकडच्या गल्लीत एका अंथरुणाला खिळलेल्या व्यापाऱ्याकडे नेले. त्या गृहस्थाचा वाङ्मयाशी काडीचा संबंध नव्हता.

“वाच,” गुरुजी म्हणाले.

श्रीकरला ते विचित्र वाटले. तरी तो वाचू लागला. व्यापारी आढ्याकडे पाहत निमूट ऐकत होता. बऱ्याच वेळाने त्याने काळजीने विचारले, “अहो, ते जावईबापू अजून उभेच का?”

“उभेच आहेत,” श्रीकर म्हणाला, आणि दोघांनाही हसू आवरेना. आपला हसण्याचा आवाज श्रीकरला क्षणभर परक्याचा वाटला.

परतताना गुरुजी म्हणाले, “रडायला एकटा माणूस पुरतो, हसायला दुसरा लागतो. आमची ही गेल्यापासून मी दुःखाची पुस्तके शेवटपर्यंत वाचली; विनोदाची चार पानांत मिटून ठेवली. या लेखकाने आपले हसू कोणी वाटून घ्यावे म्हणून छापले, आणि पान सोडवायलाही कोणी आले नाही. तू आलास, पण खोलीत तुझे ऐकायला कोणी नव्हते, म्हणून तुला त्या विनोदात दोष दिसला.”

घर आले. श्रीकर ओट्यापाशी घुटमळला. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, उद्यापासून मी इथेच येऊन वाचत बसलो तर चालेल?”

ओट्यावरच्या दुसऱ्या खुर्चीत पुस्तके रचलेली होती. गुरुजी ती एकेक करून खाली ठेवू लागले.