शिवलेली करंगळी

"ग्लॉसी की टेक्श्चर, चाचा? एका शब्दात सांगा, मला घाई आहे."

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते शेडच्या दाराशी उकिडवे बसून हुक खरवडत होते. ज्या हुकांवर माल टांगून भट्टीत सोडतात, त्यांच्यावर पावडरचे थर चढत जातात. ते काढले नाहीत तर पुढच्या मालाला पावडर नीट धरत नाही. कंटाळवाणं काम. चाचा सत्तरी उलटली तरी ते स्वतःच करत.

अभिनंदन मगदूम उभाच राहिला. कुपवाडच्या याच शेडमध्ये तो पावडर कोटिंग, म्हणजे पत्र्यावर रंगाची पावडर मारून ती भट्टीत पक्की करायचं काम, शिकला होता. आता त्याचा स्वतःचा मोठा प्लांट होता, चार जिल्ह्यांत नाव होतं, आणि त्या नावाचा तोरा आधी पोचायचा, तो मागून. आज त्याच्या काखेत विजेच्या पॅनलचा एक जुना दरवाजा होता.

"साखर कारखान्याची दोनशे पॅनलची ऑर्डर आहे. उन्हात राहणार, म्हणजे पॉलिएस्टर पावडर. थर किती, भट्टी किती तापवायची, ते मला कुणी शिकवायला नको."

"बरं."

"पण त्यांनी हा दरवाजा दाखवला. तुमच्या शेडमधला जुना माल. ग्लॉसी, चकचकीत आहे, म्हणून रंग फुगलेला लांबून दिसतो. ते म्हणतात, पुन्हा असं दिसता कामा नये. मी म्हणतो टेक्श्चर द्यावं. खरबरीत रंगावर फुगवटा कळतच नाही."

"कळत न्हाई, खरं हाय."

"मग टेक्श्चर?"

चाचांनी दरवाजा हातात घेतला, उलटा केला आणि आतल्या बाजूला ठोकलेला लॉटचा आकडा पाहिला.

"ह्यो आकडा बघितलास का?"

अभिनंदनने आता पाहिला…

त्या लॉटचं नाव या शेडमध्ये कुणी काढत नसे. सहा वर्षांपूर्वी तो माल दोघांनी टांगला होता, एक अभिनंदन, तेव्हाचा शिकाऊ, आणि दुसरा यासीन, चाचांचा एकुलता एक मुलगा. रंग धरावा म्हणून फॉस्फेटच्या टाकीत बुडवून वाळवलेल्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, हा इथला पहिला धडा. हाताचा घाम लागला की वर कितीही भारी पावडर मारा, तिथला रंग आज ना उद्या सुटतो.

काही महिन्यांनी रंग फुगल्याच्या तक्रारीचं पत्र आलं. माल परत आला नाही, नुसतं पत्र. कुणाचा तरी उघडा हात लागलाय, हे चाचांनी ओळखलं. यासीन हातमोजे घालत नसे. त्याची उजवी करंगळी लहानपणी कडबाकुट्टीत गेली होती, आणि मोज्याचं रिकामं बोट हुकात अडकायचं. म्हणून तो फडक्यात धरून माल उचलायचा. संशय त्याच्यावरच आला.

"अब्बा, मी न्हाई," एवढंच तो म्हणाला होता.

अभिनंदन काहीच म्हणाला नव्हता.

चाचांनी पोटच्या पोराला सगळ्यांदेखत शेडबाहेर काढलं. तो होसूरला कामाला गेला आणि वर्षभरातच तिथं काविळीनं वारला. माती द्यायलाही चाचा वेळेत पोचले नाहीत.

…चाचांनी हुक खरवडायचं पातं उचललं आणि फुगलेल्या रंगाच्या कडेला लावलं. रंग सालीसारखा निघत गेला. खाली तांबूस गंज होता. आधी तळहात दिसला. मग बोटं.

"मोज."

"चाचा…"

"मोज म्हणतोय."

अभिनंदनने मोजली. उजव्या हाताची, अंगठा धरून पाच होती. करंगळी शेवटच्या पेरापर्यंत उमटली होती, अगदी धडधाकट.

"आता हात ठेव त्याच्यावर."

त्याने हात ठेवला. कुठंच कमी-जास्त झालं नाही.

ती दुपार तो कधी विसरलाच नव्हता. घाम पुसायला उजवा मोजा काढला होता, तेवढ्यात हुकाला टांगलेला दरवाजा हलला आणि त्याने तो हाताने थोपवला. पत्र आलं तेव्हाही हेच आठवलं होतं. पण काम जाईल म्हणून तो भ्याला. यासीन गेल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली, आता बोलून काय उपयोग. आजवर ती समजूत टिकली. आता त्याला स्वतःची किळस आली.

चाचा त्या गंजलेल्या करंगळीवरून बोट फिरवत होते. सावकाश, पुन्हा पुन्हा.

"खरं बोलत हुतं माझं पोरगं," ते म्हणाले. "बापानंच आयकलं न्हाई."

अभिनंदन त्यांच्यासमोर खाली बसला. त्याला रडू आवरेना.

"मला मारा, चाचा. शिव्या द्या. काहीतरी बोला…"

"ग्लॉसी लाव," चाचा म्हणाले. "समद्या दोनशेला."

मग गुडघ्यावर हात देऊन ते उठले. खिळ्याला हातमोज्यांची एक जोडी लटकत होती, धुळीने भरलेली, कधीच न वापरलेली. उजव्या मोज्याची करंगळी मुळाशी दुमडून काळ्या दोऱ्याने शिवून टाकली होती. टाके वाकडेतिकडे होते, पुरुषमाणसाने घातलेले. यासीनला परत बोलवायचं म्हणून चाचांनी ती जोडी करून ठेवली होती.

त्यांनी धूळ झटकली आणि जोडी अभिनंदनच्या मांडीवर ठेवली.

"उद्यापास्नं म्हयनाभर हितं माल टांगायला यायचं. ह्ये घालून."

अभिनंदनने उजवा मोजा हातात घेतला. चार बोटं आत गेली. पाचवं अडलं.

"चाचा… माझी करंगळी नाही मावत यात."

"ठावं हाय," चाचा म्हणाले. "घाल."