बारा वर्षांचं पान

एका राज्यात राजा वारला, तशी नदी थांबली. पाणी आटलं नाही. होतं तिथेच दगड झालं. त्या घराण्याला मांत्रिकाचा शापच होता की, राजाचा जीव अडकला तर नदीही अडकेल.

थोरला राजपुत्र शार्दूल बारा वर्षांच्या हद्दपारीतून गादी मागायला आला. बाप हयात असताना त्याने ती मागितली, म्हणून तर हद्दपारी. गादी मागणाऱ्याने तीन दिवसांत तीन कामं करायची, तीही उपाशीपोटी, असा तिथला रिवाज. घास घेतला की हक्क संपला.

पहिल्या दिवशी त्याने मांत्रिकाच्या गुहेतून तलवार आणली. दुसऱ्या दिवशी शापित खजिन्यातला मुकुट आणला. राखणदार नागाने त्याचा चेहरा पाहिला आणि वेटोळं सोडलं. चेहरा बापावर गेला होता. तिसऱ्या दिवशी राजाचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवला की गादी शार्दूलची.

कावळा वडावर बसून राहिला.

"महाराज, गेलेला मुलूख परत आणीन," शार्दूल म्हणाला.

"तो त्यांनी आपणहून सोडला होता," कावळा म्हणाला.

"तुमच्या नावाची सोन्याची छत्री उभारीन."

"उन्हात तुम्ही उभे आहात, युवराज. त्यांना छत्री कशाला?"

धाकटी बहीण इंदुलेखा झाकलेलं ताट घेऊन बाजूला उभी होती. कावळा तिच्याकडे वळला. "तुला ठाऊक आहे. सांगत का नाहीस?"

"मी बोलले, तर गादीसाठी बोलले असं होईल."

शार्दूलने ताटाकडे पाहिलं. "इंदू, हे कोणाचं?"

"तुझं, दादा. बाबा रोज वाढायला लावायचे. संध्याकाळी गाईला घालायचो."

हद्दपारीच्या दिवशी वेशीपर्यंत बाप मागे आला होता. राजासारखं काहीच बोलला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "दोन घास खाऊन जा." शार्दूलने मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

त्याने मुकुट काढून पिंडाशेजारी ठेवला आणि मांडी घालून बसला.

"दादा, घास घेतलास तर—"

"ठाऊक आहे. वाढ."

भाकरी गार होती, मेथीची भाजी थोडी खारट. त्याने पहिला घास तोंडात घातला.

"बाबा, जेवतोय मी."

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला. वडामागे नदीचा आवाज सुरू झाला. लोकांनी मुकुट उचलून इंदुलेखेपुढे धरला.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि भावाच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.