अंडीवाल्याचा टायर

घाटाच्या पायथ्याशी मांजरवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात हिंदुराव नावाचा एक अंडीवाला राहायचा. मोटारसायकलच्या मागे अंड्यांचे ट्रे बांधून तो रोज घाट चढायचा आणि पलीकडच्या बाजारात अंडी विकायचा. दहा वर्षांत त्याच्या ट्रेमधली अंडी फुटल्याचं कुणी फारसं ऐकलं नव्हतं. माणूस कामाचा होता. पण स्वतःच्या मनानं काही ठरवायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा.

मांजरवाडीची एक रीत होती. विचारल्याशिवाय कुणी सल्ला देत नसे, पण एकदा विचारला की तो पाळावाच लागे. नाही पाळला तर सल्ला देणारा रुसायचा आणि वर्षभर तोंड फिरवून जायचा. म्हणून शहाणी माणसं एकालाच विचारत. हिंदुराव सगळ्यांना विचारी.

एके दिवशी सकाळी गाडी धुताना त्याला मागच्या टायरच्या बाजूला चीर दिसली. रस्त्याच्या कामाची खडी पसरली होती, त्यातलाच एखादा दगड लागला असावा. चीर बोटभर लांब होती आणि तिच्यातून आतले दोरे दिसत होते. हवा मात्र गेली नव्हती. हवा गेली असती तर बरं झालं असतं, निदान काहीतरी ठरलं असतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बाजाराला सुट्टी होती. हिंदुरावाची बायको सगुणा हिला आठवा महिना लागला होता आणि तिला घाटापलीकडच्या दवाखान्यात तपासायला न्यायचं होतं. एसटी दुपारी जायची आणि डॉक्टरीणबाई फक्त सकाळी असायच्या. म्हणजे मोटारसायकलच काढायला हवी होती. टायर दुरुस्त करावा की नवा घालावा? डोकं खाजवत हिंदुराव गावात निघाला.

आधी भेटले बापू. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर.

“नवा कशाला? आतनं जुन्या टायरचा तुकडा बसव आन् हवा कडक मार,” बापू म्हणाले. “आम्ही असल्या टायरवर आख्खा घाट उतरलोय.” त्यांनी माळ्यावरून एक तुकडाही काढून दिला.

हिंदुराव खूश झाला. पण गिरणीपाशी येईपर्यंत त्याची खुशी उतरली. म्हणून त्यानं गिरणीवाल्या आबांना विचारलं.

“कडक हवा? चीर उसवंल की रं!” आबा पिठाच्या हातानं कपाळ पुसत म्हणाले. “हवा निम्मीच ठेव. टायर मऊ राहिला की दगड सोसतो.”

आता बापूंचं ऐकावं तर आबा रुसणार, आबांचं ऐकावं तर बापू. एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून तो भानुदासच्या सलूनमध्ये शिरला. भानुदासनं कात्री न थांबवता सांगितलं, “नवाच घाल. पण एक नवा, एक जुना असला की गाडी वढती. दोन्ही बदल.”

तिघांपैकी एकानंही टायर पाहिला नव्हता. हिंदुरावानं दाखवलाही नव्हता.

घरी येऊन त्यानं अंगणात चाक सोडलं. बापूंचा तुकडा आत बसवला आणि कडक हवा मारली. मग आबा आठवले, म्हणून निम्मी सोडली. बापू काय म्हणतील म्हणून पुन्हा मारली. तेवढ्यात भानुदासची आठवण झाली आणि त्यानं पंप खाली ठेवला. थोड्या वेळानं परत उचलला. असं करता करता ऊन डोक्यावर आलं. टायर फुगून फुगून आणि बसून बसून दमला असेल, पण हिंदुरावाचं काही ठरेना. अशा माणसाची कीव करावी की त्याच्यावर चिडावं, मलाही कळत नाही.

सगुणा उंबऱ्याशी बसून अंडी पुसत होती. सकाळपासून ती सगळं बघत होती. तिला मात्र त्यानं काही विचारलं नव्हतं. गाडीतलं हिला काय कळणार, असं त्याला वाटत होतं. आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, ही गावाची रीत तीही पाळत होती. मात्र प्रश्न विचारायला रीत आड येत नव्हती.

“अवो,” ती म्हणाली, “परवा बाजाराला ह्याच टायरवर अंडी नेणार का?”

“ह्या टायरवर?” हिंदुराव ताडकन म्हणाला. “खुळी का काय तू! घाटात टायर फुटला तर एक तरी अंडं राहील का?”

बोलून झालं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

सगुणानं पोटावरचा पदर सारखा केला आणि पुढचं अंडं पुसायला घेतलं.

हिंदुरावाला इतकी लाज वाटली की त्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं चाक खांद्यावर टाकलं आणि तडक फाट्यावरच्या दुकानात गेला. तिथं त्यानं कुणाला काही विचारलं नाही. “मागचा नवा टायर द्या,” एवढंच म्हणाला. जुना टायर काढताना दुकानदारानं चीर बोटानं फाकवून पाहिली. “तळाला खिळा घुसला असता तर ठिगळ मारून दिलं असतं,” तो म्हणाला. “बाजूची चीर सांधत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. घाटाच्या मधल्या वळणावर खडीतून चाक उसळलं. सगुणाची बोटं त्याच्या खांद्यात रुतली आणि मग हळूहळू सैल झाली.

बापू रुसले, आबा रुसले. भानुदासही रुसला, कारण पुढचा टायर बदलला नव्हता. जुना टायर परसात पडला. त्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली. तिनं कुणालाच विचारलं नाही.

तात्पर्य: ज्याचा जीव आपल्या भरवशावर आहे, त्याला सोडून साऱ्या गावाला विचारत बसलं की साधा निर्णयही होत नाही, आणि मालाला जेवढं जपतो तेवढं तरी आपल्या माणसाला जपावं.