सर्जेरावकडे दिलेला दोरा

"पण बुवा, तिकिटं काळ्या बाजारात विकली दुसऱ्यानं. त्यात माझा काय दोष?"

विरूपाक्षबुवा तंबोऱ्याच्या तारा पुसत होते.

मी सांगलीचा हळदीचा व्यापारी. गळा बेताचा, पण सहा वर्षं दुकान उघडण्याआधी बुवांकडे शिकायला जात होतो. बुवा नऊ वर्षांनी मैफलीला बसणार होते आणि रविवारची ती मैफल मी भरवत होतो. त्याच रविवारी, गाण्याआधी, ते मला गंडा बांधणार होते. गंडा म्हणजे साधा दोरा; पण गुरूनं मनगटाला बांधला की आपण त्यांचे शिष्य.

"तिकिटं दिलीस कुणाला?"

"सर्जेराव दलालाला. चारशेच्या चारशे, एका सकाळी! घाऊक माल गेला की पुढं तो कुणी कितीला विकतोय, हे आपण बघत नाही, बुवा. हळदीतही नाही बघत."

"तीनशेचं तिकीट दोन हजाराला जातंय म्हणे."

"जातंय की! म्हणजे तुमचाच भाव वाढला."

बुवा हसले...

"बरं. तुझा गंडा मी त्या सर्जेरावकडे दिलाय. जा, घेऊन ये."

मला वाटलं, थट्टा. तरी गेलो. सर्जेरावनं गल्ल्यातून लाल दोरा काढून माझ्यासमोर धरला.

"अकरा हजार, शेठ."

"दोऱ्याचे?"

"बुवांनी एकच सोडलाय. आणि गरज तुम्हाला. आता तुम्ही व्यापारी माणूस, मी काय सांगायचं!"

परत आलो तेव्हा कान तापले होते.

"बुवा, गंडा काय दलालाकडून घ्यायचा असतो?"

"का? माझाच आहे तो. अस्सल."

"अस्सल असेल! पण सहा वर्षं मी तुमच्या दारात आलोय, त्याच्या नाही!"

"हं..."

बुवांनी पुन्हा फडकं उचललं.

मी उंबऱ्यात आलो. मग चपला घातल्या.

सर्जेरावकडं अडीचशे तिकिटं उरली होती. त्यानं सांगितलेल्या दरानं मी ती परत घेतली. "डोकं ठिकाणावर आहे ना, शेठ?" म्हणाला बिचारा. मग तीन दिवस नाट्यगृहाच्या खिडकीत मी स्वतः बसलो. तीनशेला एक, माणशी दोन. ज्यांनी आधी जास्त मोजले होते, त्यांना वरचे परत केले. एका म्हातारीनं तिकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि मगच पदराच्या गाठीत बांधलं. ते मला दलालाच्या दुकानातून कधी दिसलं असतं?

त्या वर्षीची हळद त्यात गेली. इतका स्वस्त सौदा मला पुन्हा जमला नाही. बुवांचे उपकार.

रविवारी, गाण्याआधी, बुवांनी तंबोऱ्याची गवसणी काढली, तिची नाडी ओढून घेतली आणि माझा हात पुढं धरला. मनगटाला तीन गाठी. गूळ-चणे स्वतः माझ्या तोंडात घातले.

जरा वेळानं आठवलं.

"बुवा, तो लाल दोरा सर्जेरावकडेच राहिलाय. मागून आणू?"

"राहू दे. सर्जेरावला अजून कुणी गंडा बांधलेला नाही."