सहाशे पानांचा पक्ष

“नेमकं कोणत्या पानावर चुकलं आमचं, फादर?”

बोनाव्हेंतुरा रिफा यांनी टेबलावरच्या हस्तलिखितावर हात ठेवला. सहाशे पानं. स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या त्यांच्या जुन्या प्रांतवादी पक्षाचा सगळा इतिहास. पक्ष आता उरला नव्हता. यादवी युद्ध संपून पाच वर्षं झाली होती.

समोर म्हातारे फादर एर्मेंगोल. डोंगरावरच्या या मठात महिनाभर त्यांनी ते बाड वाचलं होतं.

“स्पॅनिशमध्ये लिहिलंत,” ते म्हणाले.

“आपल्या कातालानमध्ये छापू कोण देतंय?”

“खरं आहे.”

...

रिफांनी बाड स्वतःकडे ओढलं.

“आम्ही काही कमी केलं नाही, फादर. मी विशीत पक्षात आलो. सगळे वकील, गिरणीमालक, देवाधर्माची माणसं. गावोगाव शाळा काढल्या, वाचनालयं काढली. आपल्या भाषेत! मग संप पेटले. बॉम्ब फुटले. माझ्या भावाला गिरणीच्या दारात गोळी घातली... आम्ही घाबरलो. सुव्यवस्था आणतो म्हणणाऱ्या सेनापतींच्या मागे जाऊन उभे राहिलो.”

“आली सुव्यवस्था?”

“आली.” रिफा म्हणाले. “आणि आल्या आल्या तिनं आपली भाषा शाळेतून काढली. कचेरीतून काढली.”

“घरातून?”

...

“मोलकरीण ऐकेल, बाहेर सांगेल, या भीतीनं आम्हीच बंद केली. चाळीस वर्षं मी आणि माझी बायको रेमेई त्याच भाषेत भांडलो, फादर. आता आम्ही भांडतसुद्धा नाही.”

फादर उठले. त्यांनी खिडकी उघडली.

खाली अंगणात, दगडी बाकावर रेमेई नवऱ्याची वाट पाहत एकटीच बसली होती. फाटकाशी बंदूकवाला शिपाई उभा.

“हाक मारा त्यांना.”

“फादर, तो शिपाई...”

 फादर खिडकीपासून बाजूला झाले.

रिफांनी खिडकीची चौकट धरली.  मग एकदम, कातालानमध्ये, लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला ठेवलेल्या नावानं ते ओरडले,

“ए चिमणे! गारठशील. शाल घे अंगावर!”

शिपायानं मान वर केली.

रेमेईनंही. ती उभी राहिली. तिनं तोंडावर हात धरला, शिपायाकडे पाहिलं... आणि हात खाली घेतला.

“घरी गेल्यावरही असंच बोलशील?” तिनं त्याच भाषेत विचारलं. मोठ्यानं.

रिफा मागे वळले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“आता पुढे काय लिहू, फादर?”

फादर एर्मेंगोल म्हणाले, “त्या काहीतरी विचारताहेत. आधी त्यांना उत्तर द्या.”