शनिवारची लिंबू-मिरची

मोबाईलला अजून बटणं होती, त्या काळची गोष्ट. खारूताईचं चिंचेच्या गोळ्यांचं दुकान होतं आणि बाभळीवरच्या सुगरणीनं विणून दिलेली झकास वेबसाइटही होती. सुगरण बजावून गेली होती, "अपडेटची सूचना आली की लगेच करत जा गं." खारूताई मात्र दर वेळी 'नंतर' दाबायची. "पहिल्याच पानावर लिंबू-मिरचीचा फोटो लावलाय की! कोणाची टाप आहे आत शिरायची?"

एका शनिवारी मुंगूसमावशीचा फोन आला. "अगं, गोळ्या मागवायला गेले, तर तुझ्या साइटवर शेपूट लांब करायचं तेल विकतायत! मी आपली दुसरीकडून मागवते बाई."

अपडेट न केल्यानं साइटला राहिलेल्या जुन्या फटीतून उंदीर आत शिरला होता. दुपारपर्यंत एकही गिऱ्हाईक उरलं नाही.

सुगरणीनं येऊन उंदराला हुसकलं, फटी बुजवल्या. खारूताई रडवेली झाली. "लिंबू-मिरची असूनसुद्धा असं कसं गं झालं?"

सुगरणीनं दुकानाच्या दाराकडं बोट दाखवलं. तिथं हिरवीगार लिंबू-मिरची डुलत होती. "ही कधीची?"

"आजचीच. दर शनिवारी न चुकता बदलते. वाळून गेलेलीचा काय उपयोग?"

एवढं बोलली आणि खारूताईनं जीभ चावली.